विषय: लेंट, पाडवा आणि ३ एप्रिलची सहल

नमस्कार मंडळी,

आमची लेक इथे अमेरिकेत पॅरिश स्कूलमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या शाळेत, तिसरीत आहे. आम्ही कॅथलिक नाही. शाळा घराजवळ आहे आणि मनापासून शिकवतात, म्हणून तिथे घातलं. १८ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा लेंट सुरू होतो त्या दिवशी, ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आली. अंबडच्या आजींनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि तेव्हापासून रोज फोन चालू आहे. लेकराला उपाशी ठेवतात का, धर्म बदलायला लावतात का? शाळेचं पत्रकही आलंय: दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीचे प्रसंग आठवत करायची प्रार्थना), डब्यात मांस नको, आणि घरी ठेवायला पुठ्ठ्याची एक पेटी, तीत मुलांनी पैसे टाकायचे. आजींना नीट काय सांगू?

दुसरं, आपल्या मराठी मंडळाच्या समितीने मुलांची सहल शुक्रवारी ३ एप्रिलला ठरवली आहे, कारण त्या दिवशी सुट्टी आहे. अंडी शोधायचा खेळ आणि दुपारी मटण. कुणाला अडचण असेल तर आताच सांगा.

— मूळची अंबडची

*

ताई,

आमचा मुलगा आठवीपर्यंत अशाच शाळेत होता, निर्धास्त राहा. राख कुणीही लावून घेऊ शकतं. कम्युनियन, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) देतात तो भाकरीचा प्रसाद, मात्र कॅथलिकांसाठीच असतो. आमचा मुलगा रांगेत जाऊन छातीवर हातांची घडी घालायचा, मग फादर आशीर्वाद द्यायचे. धर्माबद्दल आम्हाला कधी कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आठवीची मुलं क्रुसाच्या वाटेचे प्रसंग स्वतः उभे करतात, ते जरूर बघायला जा.

पेटीचं मात्र मला पटत नाही. लेकरांच्या चिल्लरीतून किती जमणार? त्यापेक्षा मंडळाने एकदम चेक द्यावा, मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेला.

— नांदेडचा

*

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मुलगा तिकडे असल्यामुळे मंडळाच्या या ईमेल यादीत माझं नाव आहे. एरवी मी नुसतं वाचते. पण माझी सगळी नोकरी गंगापूर तालुक्यातल्या एका पॅरिशच्या शाळेत झाली आणि मी स्वतः कॅथलिक आहे, म्हणून आज लिहिते.

आधी आजींचं. लेकराला कुणी उपाशी ठेवत नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपवासाचा नेम आहे, तोही १८ ते ५९ वयाच्या माणसांना, आणि त्यातही एक वेळ पोटभर जेवता येतं. मांस वर्ज्य करायचा नेम १४ वर्षांपासून पुढे. तिसरीतल्या मुलीला यातलं काहीच बंधनकारक नाही. आजी स्वतः महाशिवरात्र, एकादशी धरत असतील, तर त्यांना हे तुमच्याआधी समजेल.

राख कुठून आली, तेही त्यांना सांगा. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ती करतात. आपल्याकडे नारळीची झाडं कुठली, आम्ही ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आणायचो. वर्षभर त्या घरोघरी येशूच्या तसबिरीमागे खोचलेल्या असत. लेंट जवळ आला की मुलं त्या वाळक्या झावळ्या शाळेत घेऊन येत. घमेल्यात जाळायच्या, अर्धवट जळालेले काटे निवडून काढायचे, पाट्यावर वाटायचं आणि जुन्या धोतराच्या कापडातून वस्त्रगाळ करायचं. सातवीच्या मुली हे काम कुणाला करू देत नसत. एवढ्या खटाटोपातून वाटीभर राख निघे, आणि तेवढी सगळ्या गावाला पुरे.

आता पेटीचं. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आपल्या भागात लेंट येतो तोच मुळी विहिरी तळाला जायला लागतात तेव्हा. ज्वारीची काढणी चाललेली, बाया चिंचा फोडायला बसलेल्या. बोर्डिंगातल्या कितीतरी लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ते पाडव्याच्या पुढेमागे परतणार. अशा लेकरांना ‘चाळीस दिवस काहीतरी सोडा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? चॉकलेट त्यांच्याकडे नव्हतंच. म्हणून सिस्टर आणि आम्ही बायांनी ठरवलं, सोडण्यापेक्षा देण्यावर भर ठेवायचा. लेंटचे प्रार्थना, उपवास आणि दान असे तीन खांब सांगितलेत, त्यातला तिसरा. गावातल्या मुलांनी सोमवारी घरून मूठभर ज्वारी आणायची. बोर्डिंगातल्यांनी आपसांत बोलून शुक्रवारचा गुळाचा खडा सोडला. पोती भरली नाहीत कधी, पण ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गावातल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ते धान्य आणि तो गूळ मुलंच नेऊन देत.

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या २०१६ सालची गोष्ट. चौथीतल्या एका मुलाकडे आणायला ज्वारीच नव्हती. तो रोज संध्याकाळी हापशावरून एका आजीबाईला कळशीभर पाणी नेऊन देत होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एका सोमवारी धान्याची नोंद करताना त्याने येऊन विचारलं, “बाई, हे वहीत लिहिता येतं का?” मी त्याच्या नावापुढे ‘पाणी’ असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात आणखी चार नावांपुढे तेच लिहावं लागलं.

तुमच्या शाळेतली पेटी बहुधा ‘राइस बोल’ या कॅथलिक मदत-उपक्रमाची असेल. ती १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला सुरू झाली, आफ्रिकेतल्या साहेल भागातल्या दुष्काळग्रस्तांसाठी. तीत जमलेल्या पैशातले ७५ टक्के परदेशातल्या कामांना जातात आणि २५ टक्के तिथल्याच धर्मप्रांतातल्या गरजूंसाठी राहतात. नांदेडचे भाऊ म्हणतात तसा चेक जरूर द्या, इकडच्या शाळांना गरज आहेच. पण त्यासाठी लेकराच्या हातातली पेटी काढून घेऊ नका. आणि आईबापांनी गुपचूप नोट टाकून ती भरूही नये. शनिवारचं आइस्क्रीम तिने स्वतः नको म्हटलं आणि तेवढेच पैसे टाकले, तर तिला त्या पैशाची किंमत कळेल. वयाच्या नवव्या वर्षी हे जितकं सहज जमतं तितकं पुढे जमत नाही, हे मी वर्गात पाहिलंय.

पाडव्याची चिंता नको. यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि त्याच दिवशी संत योसेफाचा सण येतो. लेंट चालू असला तरी तो मोठा सण मानतात, मिस्सात लेंटमध्ये एरवी बंद असलेलं ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीतही त्या दिवशी गातात. गुढी उभारा, श्रीखंड करा, कॅथलिक घरांनाही बोलवा.

३ एप्रिलचं मात्र हात जोडून सांगते, सहल त्या दिवशी ठेवू नका. तो गुड फ्रायडे आहे. त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदीवरचं वस्त्रही काढलेलं असतं. आमच्याकडे घंटेऐवजी लाकडी खटखटं वाजवतात. दुपारी क्रुसाची वाट गावातून निघते, चौदा ठिकाणी थांबते. त्यातली काही ठिकाणं हिंदू आणि मुसलमान घरांच्या दारात असतात. ती माणसं सकाळीच अंगण झाडून, सडा घालून ठेवतात आणि वाटेवर पाण्याचे माठ भरून ठेवतात. एवढं आमच्या गावात होतं, तर तिकडच्या मंडळात त्या दिवशी मटणाचं जेवण आणि अंड्यांचा खेळ नको. मंडळातली दोन-चार कॅथलिक घरं भिडेपोटी काही बोलणार नाहीत, नुसती येणार नाहीत. अंड्यांचा खेळ ईस्टरनंतरचा, आनंदाचा आहे. ५ एप्रिलनंतर कधीही ठेवा, मीही आनंदाने फोटो बघेन.

— गंगापूरच्या बाई

*

बाई, साष्टांग नमस्कार.

समितीशी बोललो. सहल रविवारी १२ एप्रिलला, जागा तीच. अंड्यांचा खेळ आणि मटण दोन्ही तेव्हाच. ज्या घरांना ३ तारखेची अडचण होती, त्यातल्या एकाने आज मला स्वतःहून फोन केला. ठरवण्याआधीच विचारायला हवं होतं, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. यापुढे वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांचे सण कॅलेंडरवर टाकू.

शाळेला मदतीबद्दल: उन्हाळ्याआधी बोर्डिंगात नेमकी कशाची नड आहे, पाण्याची टाकी, धान्य की दुसरं काही, हे बाईंनी फादरांना विचारून कळवावं. मंडळाच्या खात्यातून देऊ. मुलांच्या पेट्या वेगळ्या, त्या शाळेतच जमा होतील.

पाडव्याच्या श्रीखंडासाठी चक्का कोण बांधणार, ते रविवारपर्यंत कळवा.

— समितीतर्फे, परभणीकर