गोगोलच्या ‘नाक’ कथेत बीभत्स रस आहे का?

तलावपाळी
नौपाड्यातील आमच्या वाचनगटात नुकतीच रशियन लेखक गोगोलची १८३६ साली प्रसिद्ध झालेली ‘नाक’ ही कथा वाचली. न्हाव्याला पावात गिऱ्हाइकाचे नाक सापडते आणि तेच नाक पुढे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या गणवेशात पीटर्सबर्गमध्ये हिंडताना दिसते. गटातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते हा बीभत्स रस आहे. मला ते पटले नाही, कारण वाचताना किळस जवळजवळ आलीच नाही. समीक्षक ज्याला ग्रोटेस्क (विचित्र, विद्रूप आणि हास्यास्पद यांचे मिश्रण) म्हणतात, ते रसव्यवस्थेत कुठे बसवावे?

ऐरोलीकर
आपली शंका रास्त आहे. बीभत्साचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा (किळस), आणि ती या कथेत नाममात्र आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस मानले आहेत, गोगोल मात्र या विरोधकांना एकाच प्रसंगात नांदवतो आणि कोणालाही दुसऱ्यावर मात करू देत नाही. नाक हरवल्याची जाहिरात द्यायला कोवाल्योव, म्हणजे नाक हरवलेला तो गिऱ्हाइक, वृत्तपत्राच्या कचेरीत जातो, तेव्हा अशा मजकुराने वृत्तपत्राची अब्रू जाईल म्हणून कारकून नकार देतो आणि नंतर, त्याची दया येऊन, तपकिरीची डबी पुढे करतो. नाक नसलेल्या माणसापुढे तपकीर! हसू फुटते त्याच क्षणी त्याची असहायता अंगावर येते. माझ्या मते ग्रोटेस्कचे मर्म शरीराच्या मोडतोडीत नाही. भोवतालचे जग तिच्याकडे कचेरीतल्या एखाद्या प्रकरणासारखे पाहते, त्यात आहे.

नेरूळचा वाचक
हे गोगोलपुरते खरे आहे, पण सोळाव्या शतकातल्या फ्रेंच लेखक राबलेला ते लागू पडत नाही. त्याचे अवाढव्य, खादाड नायक म्हणजे देहाचे उधाण आहे. रशियन समीक्षक बाख्तिनने राबलेवरच्या १९६५ च्या ग्रंथात या हास्यात जत्रेतल्या लोकांची नवनिर्मितीची ताकद पाहिली, तर जर्मन समीक्षक कायझरने १९५७ मध्ये ग्रोटेस्कविषयी लिहिताना ओळखीचे जग एकाएकी परके होण्यावर भर दिला. गोगोल आणि राबले या दोघांनाही एका व्याख्येत कोंबू नये.

ऐरोलीकर
राबलेची शाखा वेगळी आहे, हे मान्य. मात्र गोगोलचा वारसा पाहायचा असेल तर गटाने पुढे काफ्काची १९१५ सालची ‘रूपांतर’ घ्यावी. ग्रेगोर साम्सा कीटक होऊन जागा होतो आणि त्याला काळजी लागते ती चुकलेल्या गाडीची. तो अंथरुणातून उठतो न उठतो तोच गैरहजेरीचा जाब विचारायला कचेरीतला वरिष्ठ दारात हजर होतो.