घरोघरच्या पाहणीत एकांत कसा मिळवायचा? (दिघा, नवी मुंबई) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दिघ्यात आमच्या महिला मंडळातर्फे घरोघरी आरोग्य, मुलांचं शिक्षण आणि राहणीमान यांची पाहणी चालू आहे. प्रश्नांसाठी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आधार घेतलाय. पाणी कुठून भरता, संडास घरचा की सार्वजनिक, शाळा कुणाची सुटली, याची उत्तरं लोक मोकळेपणाने देतात.

एक छोटी शंका: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हे ठीक. पण एमआयडीसीत पाळीवर जाणारी मुलं एका खोलीत राहतात, काही रांधतात, काही डबा लावतात. त्यांची नोंद कशी करता?

खरी अडचण वेगळीच आहे. बाळंतपण, कुटुंबनियोजन, नवऱ्याची मारहाण हे बाईला एकटीलाच विचारायचं असतं. दहा बाय दहाच्या खोलीत एकांत आणायचा कुठून? परवा एक ताई बोलायला लागल्या, तेवढ्यात सासूबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. ताई गप्प झाल्या, पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसत राहिल्या. मी तो भाग तिथेच सोडला, आणि मला ते बरोबरच वाटतं. माहितीपायी बाईला घरात त्रास नको. पण मग ज्यांना सांगायची गरज आहे त्यांचेच रकाने कोरे राहतात.

आशाताई, अंगणवाडीताई, तुम्ही अशा वेळी काय करता? बायकांना अंगणवाडीत बोलवावं का? 181 हा मदतीचा नंबर कुणाच्या लक्षात न येता कसा द्यावा? कृपया अनुभवाचं सांगा.