‘किरकोळ कंपनी’ कशी म्हणायची? आणि ‘टीका’ हा मथळा ठेवावा का?

वर्णमाला: विकिपीडियासाठी वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीची नोंद मराठीत लिहितोय. आम्हा दोघा-तिघांत शब्दांवरून जुंपली आहे. एकाने ‘जगातील सर्वांत मोठी किरकोळ कंपनी’ लिहिलं, ते वाचून दुसऱ्याला हसू आवरेना. पुढे ‘टीका’ असा विभाग आहे. एकजण म्हणतो ‘वाद’ करा, दुसरा म्हणतो मथळाच काढून टाका. जाणकारांनी सांगावं.

नाशिककर: ‘किरकोळ’ सोडू नका, बाजारात घाऊक-किरकोळ ही जोडी रुळलेली आहे. फक्त ते विशेषण कंपनीला न लावता विक्रीला लावा: ‘किरकोळ विक्री करणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी’. ‘विक्री साखळी’ही नको, ‘दुकानांची साखळी’ म्हणा, नाहीतर पुरवठा साखळीशी गल्लत होते.

भारताच्या परिच्छेदात मात्र जपून. २००९ साली अमृतसरला ‘भारती’ या भारतीय कंपनीबरोबर उघडलेलं दुकान घाऊक होतं, दुकानदारांना माल देणारं. परदेशी गुंतवणुकीचे नियम घाऊकला वेगळे, किरकोळला वेगळे. तिथे नुसतं ‘वॉलमार्टचं दुकान’ लिहिलंत तर आपल्या वाचकाला वाटणार, कुणीही पिशवी घेऊन आत शिरत होतं.

मोडीप्रेमी: नावातली रेघही बघा. बोधचिन्हातून ‘वॉल’ आणि ‘मार्ट’मधलं चिन्ह २००८ साली गेलं, पण कंपनीच्या कायदेशीर नावातली रेघ गेली ती १ फेब्रुवारी २०१८ ला.

चिकित्सक: टीकेबद्दल. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच, तेव्हा शब्द मुळात भांडखोर नाही. पण आजचा वाचक ‘टीका’ म्हटलं की झोडपणंच ऐकतो. ‘वाद’ म्हटलं की दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या वाटतात, ते दरवेळी खरं नसतं. माझं मत ‘आक्षेप’ला. आक्षेप म्हटला की तो कुणाचा, कशावर, हे लिहावंच लागतं. ‘अनेकांनी टीका केली आहे’ छापाची वाक्यं आपोआप गळतात.

याच कंपनीच्या इंग्रजी नोंदीतला एक किस्सा इथे कामाचा आहे. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथने विकिस्कॅनर नावाचं साधन काढलं. विकिपीडियातला कोणता बदल कोणत्या संस्थेच्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) झाला, हे त्यात दिसे. वॉलमार्टच्या पत्त्यावरून २००५ साली झालेला एक बदल त्यात सापडला. आधीच्या वाक्यात होतं की इथलं वेतन इतर दुकानांपेक्षा २० टक्के कमी आहे. त्याजागी आलं, सरासरी वेतन अमेरिकी संघराज्याने ठरवलेल्या किमान वेतनाच्या जवळजवळ दुप्पट आहे. किमान वेतन तेव्हा तासाला ५.१५ डॉलर होतं! म्हणजे दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. तुलना कशाशी करायची, तेवढं बदललं. याला ‘उत्पात’ म्हणता येत नाही. तो शब्द आपण शिव्या खरडणाऱ्यांसाठी, पानं कोरी करणाऱ्यांसाठी वापरतो. ही सारवासारव. चर्चा पानावर जरा सभ्य भाषेत ‘हितसंबंध गुंतलेलं संपादन’ म्हणा.

नाशिककर: आक्षेप शब्द पटला, वेगळा विभाग नाही पटला. इंग्रजीत तर वॉलमार्टवरच्या टीकेचा स्वतंत्र लेखच आहे. त्याने मूळ पान चकचकीत होतं आणि नकोसं सगळं माळ्यावर जातं. वेतनाचा मुद्दा कर्मचाऱ्यांच्या परिच्छेदात घ्या, लहान दुकानं बंद पडण्याचा विस्ताराच्या परिच्छेदात. दोन्ही तुलना शेजारी ठेवा, प्रत्येकीला साल आणि कुणाचा आकडा ते जोडा.

चिकित्सक: लेख लांबला की वेगळा करावाच लागतो हो, त्यात लपवाछपवी कसली? पण मराठी नोंद चार परिच्छेदांची असेल तर तुमचं बरोबर.

वर्णमाला: चारच आहेत. मग विभाग काढतो, मजकूर वाटून टाकतो. एक राहिलं: कंपनी नोकरांना ‘असोसिएट’ म्हणते. आमच्यातल्या एकाने ‘सहकारी’ केलंय.

मोडीप्रेमी: ‘कर्मचारी’ लिहा. कंपनी त्यांना असोसिएट म्हणते, हे एका वाक्यात सांगा, अवतरणचिन्हांत.