आरव्ही पार्कातली निवृत्ती म्हणे स्वस्त!

वैतागलेला एडिसनकर:
परवा इथे एका महाशयांनी ज्ञान पाजळलं: न्यू जर्सीतलं घर विका, फ्लोरिडात लेक ओकीचोबीजवळ पंचावन्नच्या वरच्यांसाठी असलेल्या आरव्ही पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत जा, जागेचं भाडं महिना 600 डॉलर, सकाळी गळ टाका, संध्याकाळी पत्ते कुटा. वर टोमणा, की आपले लोक उगाच मोठ्या घरांना कवटाळून बसतात. मालक, त्या 600 मध्ये काय काय येतं ते का गिळलंत? महिन्याच्या बोलीवर राहिलं की बहुतेक ठिकाणी विजेचा मीटर वेगळा. मे महिन्यात तिथे एसी बंद ठेवून दाखवा! पार्क मॉडेल, म्हणजे पार्कातच कायम उभं राहणारं छोटं घर, घेतलं तर घर तुमचं, जमीन दुसऱ्याची. उद्या त्याने भाडं वाढवलं तर ते 400 चौरस फुटांचं खोकं डोक्यावर घेऊन जाणार? आणि 2024 मध्ये मिल्टन चक्रीवादळ किनाऱ्याला लागायच्या आधीच फ्लोरिडातल्या सेंट लुसी काउंटीत टोर्नेडो आले, ज्येष्ठांच्या वसाहतीत माणसं गेली. तेही लिहा की.

गळवाले काका:
ते महाशय मीच, नाव घ्यायला लाजता कशाला? वीज, गॅस, इन्शुरन्स धरूनही माझा वर्षाचा खर्च तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या आत बसतो. राज्याचा इन्कम टॅक्स नाही. पासष्टी उलटलेल्या फ्लोरिडाच्या रहिवाशाला मासेमारीचं लायसनही लागत नाही. राहिलं वादळ. माझ्या घराला चाकं आहेत, इशारा आला की निघालो. जानेवारीत रात्री बोटीला दिवे लावून क्रॅपी हा तळ्यातला मासा धरायला बसतो, आमच्याकडे त्याला स्पेक म्हणतात. तुम्ही तेव्हा ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसत असता.

देवगडचा दादला:
सगळं ठीक, पण काका, गोड्या पाण्यातला मासा खाता? चिखलाचा वास मारतो तो. बांगडा-सुरमई खाल्लेल्या माणसाने क्रॅपीचं कौतुक करावं म्हणजे कमाल झाली.

गोंदियावाला:
आले कोकणचे ठेकेदार! आमच्या भंडारा-गोंदियात तलावांवर पिढ्या जगल्या. नवेगावबांधकडची मरळ खाल्ली आहे का कधी? लसूण-मिरची वाटून केलेला झणझणीत रस्सा. चिखलाचा वास तुमच्या नाकात आहे. हळद-मीठ चोळून ठेवायचं असतं, तेवढं तरी घरी शिकवलं नाही?

देवगडचा दादला:
घरापर्यंत जाऊ नका. मरळ चांगली असेल, आमच्याकडे ती आजाऱ्याला देतात.

गोंदियावाला:
मग तुम्हाला गरज आहेच.

आकडेमोड्या:
भांडा खुशाल, पण फ्लोरिडाचं आरोग्य खातं बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मोठ्या नगांमधल्या पाऱ्याबद्दल सावध करतं. घरी नेण्यावरही मर्यादा आहे: दिवसाला पाच बास, त्यातला 16 इंच किंवा त्यावरचा एकच. बरेच जण पकडून सोडूनच देतात.

देवगडचा दादला:
पकडून सोडतात?? मग जातात कशाला!

शरयू, टॅम्पा:
पुरुषांनो, माशांतून बाहेर या. माझ्या आत्तेसासूबाई अशाच एका पार्कात होत्या. पहिली काही वर्षं मजेत गेली. मग त्यांचे यजमान अचानक गेले. फिफ्थ व्हील, म्हणजे ओढून न्यायचं घर, ट्रकला जोडायचं ते जोडत, चालवायचं ते चालवत, ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, ते रिकामी करत. टाकीचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवायचा नसतो, पाणी निघून जातं आणि घट्ट भाग तळाशी थिजून बसतो, हे आत्याबाईंना वास सुटल्यावर कळलं. हातात रबरी मोजे, डोळ्यांत पाणी. शेजारच्या मिशिगनच्या बाईने सगळं करून दिलं. पण एप्रिलमध्ये तीही गावी परतली, हिवाळ्यापुरते आलेले गेले की निम्मा पार्क ओस. त्यात त्यांचा मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, प्लॅन उत्तरेकडचा आणि ठरलेल्या नेटवर्कातल्याच डॉक्टरांचा, मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज एचएमओ. फ्लोरिडात इमर्जन्सी सोडली तर जवळचा डॉक्टर नेटवर्कच्या बाहेर. भाड्याचा हिशेब सगळे मांडतात, एकटं राहिलेल्या माणसाचा कोणी मांडत नाही.

गळवाले काका:
शरयूताई, हा मुद्दा खरा आहे. मी ओरिजिनल, थेट सरकारी मेडिकेअर ठेवलंय, ते घेणारा डॉक्टर देशात कुठेही चालतो, सोबत उरलेल्या खर्चासाठी सप्लिमेंट विमा. टँकचं म्हणाल तर, हं, हिला मी कधी हात लावू दिलेला नाही. शिकवायला हवं.

वैतागलेला एडिसनकर:
बघा, आले वळणावर! ताईंनी सांगितलं की मुद्दा खरा, मी सांगितलं की लाजता कशाला.

गळवाले काका:
ताईंनी अनुभव सांगितला. तुम्ही मिल्टनच्या बातम्या वाचून दाखवल्यात. बाय द वे, तुम्ही आरव्हीत एक रात्र तरी काढली आहे का?

वैतागलेला एडिसनकर:
विहिरीत उडी मारल्याशिवाय विहीर खोल आहे हे कळत नाही वाटतं? घर न विकता एक हिवाळा भाड्याने राहून बघावं, एवढंच माझं पहिल्यापासून म्हणणं आहे.

गळवाले काका:
कुठे म्हणालात? वर दाखवा.

गोंदियावाला:
काका, जानेवारीत जागा आहे का? मसाला मी आणतो.

देवगडचा दादला:
कोकम कोण आणणार?