बिडे सीट : गरज की चोचले?

रामबागकर : काल इथे एकाने लिहिलं, ‘ज्यांच्या संडासात अजून हातात धरायचा जेट लोंबकळतोय त्यांनी स्वतःला आधुनिक म्हणवू नये, मी तीस हजारांची बिडे सीट लावली.’ डोकंच फिरलं. कमोडवर बसवायची, नॉझलमधून पाणी उडवून धुणारी सीट म्हणे! अहो, पाण्याने धुणं आता आपल्याला शिकवणार? टोटो कंपनीने १९८० मध्ये वॉशलेट, म्हणजे अशीच विजेवरची गरम सीट, काढलं ते जपानात, तिथे थंडी. इंदूरला मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधी बादलीत सोडून बोट बुडवून बघावं लागतं, नाहीतर चटका! त्यात वर गरम सीट?

विजयनगरचा : जानेवारीत सकाळी सहाला या भिया, मग बोला. आणि माझी फरशी कोरडी असते, तुमच्या जेटने दारापर्यंत सडा.

बोरिंगवाली : आधी सांगा, पाणी कुठलं? आमच्याकडे बोरिंग. वर्षभरात नॉझलची भोकं क्षारांनी बुजली, धार सरळ यायची सोडून तिरपी मांडीवर. रविवारी व्हिनेगर आणि जुना टूथब्रश घेऊन बसते. सर्व्हिसवाला म्हणे हार्ड वॉटर वॉरंटीत नाही.

विजयनगरचा : आमच्याकडे नर्मदेचं आहे, प्रॉब्लेम नाही.

बोरिंगवाली : वा! नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढावर पंप करून आणलेलं पाणी, आम्ही एक दिवसाआड भांडी भरून ठेवतो आणि तुम्ही त्याची कारंजी उडवा.

रामबागकर : आमच्या गल्लीत तर नळ आला की मोटर लावणारे आधी खेचतात, नावं घेऊ का?

विजयनगरचा : मोटर मी लावत नाही. काहीही काय बोलून राहिलात! सीटला जेटपेक्षा कमीच पाणी लागतं.

सुदामानगरची सून : मोटरचं भांडण वॉर्डात करा. सासूबाईंचा खांदा गोठलाय, हात मागे जात नाही. दर वेळी मला हाक मारायला त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बिनविजेची साधी सीट लावली, प्लग नको, अर्थिंग नको, बाजूचा खटका फिरवला की झालं. महिनाभरात हाक बंद. चोचले म्हणा खुशाल.

रामबागकर : ...बरं, हे पटलं. आईचे गुडघे-खांदे तसेच आहेत. पण गरम सीट चोचलेच! त्या बिनविजेच्या सीटला अँगल कॉकवर, म्हणजे पॉटशेजारच्या तोटीवर, टी (तीन तोंडांचा जोड) बसवावा लागतो ना?

सुदामानगरची सून : हो. आणि टाकी फार खाली असेल तर धार मरते, बघून घ्या.

विजयनगरचा : आणि पॉट गोल की लांबट ते मोजा आधी. माझी दोन इंच पुढे लोंबतेय. हसू नका.