एक्स-रे नॉर्मल, तरी मणक्याचा संधिवात?

कंबरमोडे२९:
वय २९, दीड वर्ष झालं कंबर धरतेय. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, कूस बदलायची तर आधी गुडघे वळवायचे मग बाकीचं अंग, उठल्यावर तासभर मोजे घालता येत नाहीत आणि जरा चाललं फिरलं की आपोआप मोकळं होतं. सुट्टीच्या दिवशी लोळत पडलो तर उलट जास्त. आता एचएलए बी२७ (रक्ततपासणीत कळणारी जनुकीय खूण) पॉझिटिव्ह, एक्स-रे नॉर्मल, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) पण नॉर्मल, आणि कागदावर लिहिलंय नॉन-रेडिओग्राफिक अ‍ॅक्सिअल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस, म्हणजे एक्स-रेत न दिसणारा मणक्याचा संधिवात. मग मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (मणके आखडवणारा संधिवात) आहे का नाही??

जुनापेशंट:
आजार एकच रे, नावाचा घोळ आहे. १९८४च्या न्यूयॉर्क निकषांत सेक्रोइलिअ‍ॅक सांध्याची (कण्याचं खालचं टोक कमरेच्या हाडाला जोडणारा सांधा) झीज एक्स-रेत दिसली तरच अँकिलोजिंग म्हणायचे, आणि ती दिसायला कित्येकदा वर्षं जातात, तोवर माणूस 'गादी बदल' ऐकत बसतो. २००९मध्ये असास या संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाचे निकष आले त्यात एमआरआयवरची सूज पण धरली. एक्स-रेत दिसत नाही म्हणून तुझं नाव नॉन-रेडिओग्राफिक. सगळ्यांचं पुढे एक्स-रेत दिसतंच असंही नाही. दुखणं मात्र दोन्हीकडे तेवढंच, अनुभवाने सांगतो.

सांधेवाला_डॉक्टर:
वरचं बरोबर, फक्त एक. निकष हे मुळात अभ्यासासाठी पेशंट निवडायला केलेत, टिकमार्क करून घरी निदान करायला नाहीत. तीन महिन्यांवर दुखणं आणि सुरुवात ४५च्या आत हे आधी हवंच. मग एकतर इमेजिंगवर सांध्याची सूज आणि सोबत एक लक्षण, नाहीतर बी२७ आणि सोबत दोन लक्षणं. नुसत्या बी२७ला घाबरू नका, ते असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. सीआरपी नॉर्मल असूनही आजार असू शकतो. एमआरआय झाला का? आणि त्या लक्षणांपैकी काही, म्हणजे डोळा लाल होऊन दुखला होता का कधी, सोरायसिस, पोटाचं जुनं दुखणं, टाच?

जुनापेशंट:
डोळ्याचं हसण्यावारी नेऊ नकोस. माझा एकच डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, मी डोळे आलेत म्हणून थेंब घालत बसलो आणि निघालं युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. असं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

कंबरमोडे२९:
डोळा नाही, एमआरआय पुढच्या आठवड्यात. पण टाच!! गेल्या वर्षी तीन महिने सकाळचं पहिलं पाऊल टाकवत नव्हतं, मी दोनदा बूट बदलले. हे डॉक्टरांना सांगितलंच नाही, त्यांनी विचारलं होतं तरी.