अनुभव: गर्दीत, गाण्यात भेटलेला लहानपणचा दोस्त

कपाशीवाला
भाची यवतमाळहून अहमदाबादला कोल्डप्ले हा इंग्रजी बँड ऐकायला गेली होती, जानेवारी 2025 मध्ये. तिचा व्हिडिओ काल पुन्हा पाहिला आणि बोंड्या आठवला. राहवेना, म्हणून लिहितोय.

आमचं गाव वणीकडलं. बोंड्याचे बाबा जिनिंगात मुनीम. त्याच्या मामानं नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून आयर्न मेडन या इंग्रजी रॉक बँडची कॅसेट आणली. वरचा सांगाडा पाहून आजीनं ती घरात ठेवू दिली नाही, मग टेप गेला कोठ्यात, बैलांजवळ. लाईन कधी असायचीच नाही, सगळं सेलवर. सेल उतरले की गाणं रेंगाळायचं, गायकाचा आवाज म्हशीसारखा जाड व्हायचा. मग सेल दिवसभर टिनावर उन्हात ठेवायचे, की संध्याकाळी अर्धी बाजू तरी वाजायची. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. ड्रम मात्र बोंड्यानं ढेपीच्या डब्यावर पाठ केलेले.

जिनिंग बंद पडली आणि आठवीच्या परीक्षेनंतर त्यांचं बिऱ्हाड उठलं. कुठं गेले, कोणालाच माहीत नाही.

17 मार्च 2007. बंगलोर, पॅलेस ग्राउंड्स. मी तेव्हा तिथल्याच पीण्या भागात टूलरूममध्ये कामाला होतो. मेडन येणार म्हटल्यावर पगार झाल्या झाल्या तिकीट काढलं. त्याच संध्याकाळी तिकडे वेस्ट इंडिजमध्ये आपली वर्ल्डकपची बांगलादेशाशी मॅच, त्यामुळे अर्धी पोरं मोबाईलवर स्कोअर विचारत होती. एक गाणं संपलं तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "सचिन गेला ना बे! सातवर!"

मी वळलो. दाढीवाला, अंगानं भरलेला माणूस. कपाळावरची खोक तीच, बैलबंडीवरून पडल्याची. मी नुसतं "बोंड्या?" म्हटलं. तो माझ्याकडं पाहत राहिला आणि मग दोन्ही हातांनी हवेतच ढेपीचा डबा वाजवायला लागला.

स्टेजवर मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन या टोकापासून त्या टोकाला पळत होता आणि बोंड्या माझ्या कानात ओरडला, "किती फास्ट वाजवून राहिले बे हे!" आम्ही सगळी गाणी उतरलेल्या सेलवरच पाठ केली होती ना.

रात्रभर मॅजेस्टिकला बसस्टँडवर चहा पीत बसलो. त्याचे बाबा गेले, हे तिथं कळलं. शेवटपर्यंत आमच्या आबांचं नाव काढायचे म्हणे. मॅच हरलो ते सकाळी पेपरात वाचलं.

तुम्हाला असं कोणी भेटलं असेल तर लिहा. गाणं, नाटक, भजन, काहीही चालेल.

मिरची_भिवापुरी
सेल उन्हात!! आम्ही पण. आई ओरडायची, वड्यांच्या बाजूला ठेवू नका म्हणून

पुसदचा पोट्टा
मी मेटॅलिका बँडच्या शोले गेलो होतो दादा, 30 ऑक्टोबर 2011, तेच ग्राउंड. दोन दिवसाआधी गुडगावचा शो रद्द झाला होता, तर तिकडचे पोट्टे पण आलेले. जुना दोस्त नाही भेटला पण घाटंजीचा एक भेटला. आता तो माहा साळा आहे 😀

मिरची_भिवापुरी
अरे हे असं अर्धवट नाही चालत! पूर्ण सांग

पुसदचा पोट्टा
ड्युटीवर आहो. रात्री लिहितो

वडसावाली
आमच्याकडे रॉक नाही, झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं नाटक. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा सुरू, मग होळीपर्यंत रोज कुठं ना कुठं प्रयोग. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं. माझं लग्न होऊन पहिलंच वर्ष, सासरच्या गावचं नाटक. तणशीवर चादर टाकून बसले होते. बाजूच्या बाईनं पोराला दटावलं आणि आवाज ओळखीचा वाटला. तिसरीपासूनची मैत्रीण! तिला त्याच गावात दिलेली, दोन गल्ल्या सोडून, मला पत्ताच नाही. एका शालीत बसून बोलत राहिलो. नाटकात खलनायक कधी मेला, काही कळलं नाही. सासूबाईंनी सकाळी विचारलं, कसं होतं नाटक, मी म्हटलं लय रडवलं. खरंच रडले होते. परक्या गावात पहिल्यांदा कोणी मला माहेरच्या नावानं हाक मारली होती.

कपाशीवाला
ताई 🙏 शेवटचं वाक्य वाचून बायकोला पण दाखवलं. ती म्हणे, बरोबर आहे.

नुसता_वाचक
वरोऱ्याजवळ आनंदवनात तिथल्याच स्वरानंदवन या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम पाहत होतो. पुढच्या रांगेत गुरुजी बसलेले, चौथीचे. दोस्त नाही पण लिहावंसं वाटलं. पाया पडलो तर म्हणाले पाढे येतात का अजून.

मिरची_भिवापुरी
बोंड्या आता कुठाय?

कपाशीवाला
होसूरला. पोरगी त्याची खरे ड्रम शिकते आहे. दर पोळ्याला फोन असतो, बैलांची चौकशी आधी, मग माझी. आता आमच्याकडे बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे, पण त्याचा प्रश्न तोच.

संत्रावाला
थोडं वेगळं विचारतो, बंगलोरहून येताना संघमित्रा एक्सप्रेस बरी का? भावाला बल्लारशाला उतरायचं आहे

कपाशीवाला
बरी आहे, पण तिकीट आधी काढा. बिहारची गर्दी असते, पाय ठेवायला जागा नसते.

पुसदचा पोट्टा
सुट्टी झाली. वडसावाली ताई, मले झाडीपट्टी पाहायची आहे, कधी येऊ? साळ्याले पण आणतो

वडसावाली
भाऊबीज झाली की या. वडशातच कंपन्यांची ऑफिसं आहेत, बाहेर पोस्टर लागतात, कोणत्या गावी कोणतं नाटक ते. स्वेटर आणा, पहाटे फार गारठतं. आणि जेवायला आमच्याकडेच, हॉटेलात जायचं नाही.